लिस्बनमधली रविवारची मिस्सा: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

लिस्बनला जाणाऱ्या मुंबईच्या मराठी कॅथोलिकांना माझा आग्रह असा की, इंग्रजी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात रविवारची सकाळ घालवू नये. मुक्कामापासून चालत जाता येईल अशा चर्चमध्ये पोर्तुगीज मिस्सेलाच बसावे. भाषेची अडचण वाटते तेवढी येत नाही, कारण मिस्सेचा क्रम गोराईत असो वा लिस्बनमध्ये, एकच असतो. बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला (मरियामातेच्या साप्ताहिक प्रार्थनेला) ज्या भाषेची वेळ जमेल त्या भाषेत उभे राहणाऱ्या मुंबईकराला याचे नवल वाटू नये. तरीही धाकधूक असेल, तर निघण्यापूर्वी धारावीत एखाद्या तमिळ मिस्सेला बसून पाहावे. आपल्याला किती समजते, याचा अंदाज तिथेच येतो.

खरी तयारी आदल्या रात्री करायची असते. रविवारची बायबलमधली वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात आणि जगभर बहुधा तीच असतात. २०२६ च्या चक्रात मत्तयचे शुभवर्तमान आहे, २०२७ मध्ये मार्कचे आणि २०२८ मध्ये लूकचे. त्या रविवारची तिन्ही वाचने आणि स्तोत्र मराठीत वाचून, मोबाइलमध्ये उतरवून घेऊन गेलो, की व्यासपीठावरून काय वाचले जात आहे ते विशेषनामांवरूनही ओळखता येते. अपवाद सणांचा. ख्रिस्तशरीराचा सण आपल्याकडे रविवारी साजरा होतो, तर पोर्तुगालमध्ये तो त्याआधीच्या गुरुवारी असतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे त्या आठवड्यातील रविवारी आपण वाचून गेलेली वाचने तिथे असणार नाहीत.

मी रोसियू चौकाजवळच्या साओ दोमिंगोस चर्चमध्ये गेलो आणि दुसऱ्यांनाही तेच सुचवीन. १७५५ च्या भूकंपात या चर्चची मोठी हानी झाली होती. पुढे १९५९ मध्ये आगीने ते आतून जळाले. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तडकलेले, काजळलेले खांब तसेच ठेवण्यात आले. सोन्याने मढवलेल्या वेद्या पाहून आलेल्या माणसाला हे चर्च आधी ओकेबोके वाटते. पण मिस्सा सुरू झाली की त्या उघड्या भिंतींमुळेच लक्ष वेदीवरून हलत नाही, असे मला वाटले. भोवतालच्या बाकांवर आफ्रिकी वंशाची कुटुंबे, वयस्क पोर्तुगीज स्त्रिया आणि माझ्यासारखे वाटसरू असे सगळेच होते, त्यामुळे परका म्हणून कोणी वळून पाहिले नाही.

प्रवचन मात्र समजत नाही, आणि समजल्याचा आव आणण्यातही अर्थ नाही; त्या वेळात मी मराठीतले शुभवर्तमान पुन्हा वाचले. मोबाइल वापरायचा असेल तर आवाज बंद आणि पडद्याचा उजेड कमी ठेवावा. त्याहून छापील कागद बरा. प्रार्थनांची उत्तरे मराठीत मनातल्या मनात द्यावीत, आमेन आणि आलेलुया मोठ्याने म्हणावे.

गोंधळ होतो तो शब्दांपेक्षा वागण्यात. शांतीच्या अभिवादनाला आपण हात जोडतो. तिथे शेजारी हात पुढे करतो, तेव्हा हस्तांदोलन करावे. ख्रिस्तप्रसादासाठी आपल्याकडे स्वयंसेवक एकेक बाक मोकळा करतात. तिथे लोक आपापले उठून रांगेत मिसळतात, म्हणून कोणी बोलावेल याची वाट पाहत बसू नये. कोण गुडघे टेकतो आणि कोण उभा राहतो, हे कळण्यासाठी पहिल्या बाकाऐवजी मधल्या बाकावर बसणे सोयीचे. दानासाठी एक-दोन युरोची नाणी खिशात असावीत.

वेळापत्रक दारावर लावलेले असते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे प्रवासात फार उपयोगी पडते. ज्या चर्चमध्ये पर्यटकांकडून शुल्क घेतात, तिथे ‘मिस्सा’ एवढे म्हटले की सहसा आत सोडतात.

पापनिवेदन करायचे असेल तर ते लिस्बनमध्ये न करता फातिमा या पोर्तुगालमधल्या मरियामातेच्या तीर्थक्षेत्रासाठी राखून ठेवावे, कारण तिथे जगभरचे यात्रेकरू येत असल्याने अनेक भाषा जाणणारे धर्मगुरू असतात. लिस्बनच्या सेते रियोस स्थानकावरून बसने सुमारे दीड तास लागतो. रात्री साडेनऊच्या रोझरीतले (जपमाळेच्या प्रार्थनेतले) मणी वेगवेगळ्या भाषांत म्हटले जातात, तेव्हा आपले ‘नमो मरिये’ मराठीत म्हणायला काहीच हरकत नसते. मात्र इतक्या उशिरा परतीची बस मिळेल यावर विसंबू नये, मुक्काम तिथेच करावा. आणि मे ते ऑक्टोबर या काळात कोणत्याही महिन्याच्या १२ किंवा १३ तारखेला, म्हणजे मोठ्या यात्रेच्या दिवशी, जायचे असेल, तर खोली फार आधी राखून ठेवावी.