1380 पैकी 170 किलोमीटर कच्चा रस्ता: तीन गाड्या, तीन प्रकारचे टायर

चार दिवसांत 1380 किलोमीटर झाले. त्यात मुरूम, चिखल, नदीचं पात्र आणि थोडी वाळू, सगळं धरून कच्चा रस्ता 170. निघण्याआधी आठवडाभर आम्हा तिघांत टायरवरून जी हमरीतुमरी चालली होती ती या 170 साठी. उरलेल्या 1210 किलोमीटर डांबराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

गाड्या तिन्ही एकाच मॉडेलच्या, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या, त्यामुळे तुलना आपोआप झाली. एकाकडे गाडीबरोबर आलेले हायवे टेरेन, म्हणजे डांबरासाठीचे एचटी, 265/65 आर 17 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). माझ्याकडे त्याच मापाचे ऑल टेरेन, एटी, डांबर आणि कच्चा दोन्हींसाठीचे. तिसऱ्याकडे चिखलासाठीचे मड टेरेन, एमटी, तेही एक माप चढवून 265/70 आर 17. त्याची गाडी उभी असली की पोरंटोरं जमतात. आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

पहिला दिवस हायवेवर गेला. एमटीवाला पुढे असला की काचा बंद असूनही त्याचा घोंगावता आवाज आम्हाला ऐकू यायचा; त्याच्या गाडीत बसलेल्यांनी दुपारनंतर गाणी लावणंच सोडून दिलं. मोठे ठोकळे आणि रुंद खाचा, त्यात कोंडलेली हवा दर फेरीला बाहेर फेकली जाते, तो हा आवाज. नवीन असताना कमी असतो, टायर उंचसखल झिजायला लागला की वाढतो. माझ्या एटीचा आवाज 80 च्या पुढे जेमतेम जाणवतो.

संध्याकाळी मीटर पडताळले तेव्हा गंमत झाली. माझ्यापेक्षा त्याच्या गाडीत किलोमीटर कमी! गडी खूश, म्हणे मी वळणं नीट कापतो. साधा हिशेब आहे: 65 च्या जागी 70 घेतले की टायरचा व्यास 776 मिलिमीटरवरून 803 होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. मीटरला ते कळत नाही. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 च्या वर असते. एवढं करून जमिनीपासूनची उंची वाढते फक्त व्यासाच्या निम्मी, सव्वा सेंटिमीटरच्या थोडी वर. शिवाय चाक जड होतं, गाडी उचल घ्यायला सुस्तावते. सव्वा सेंटिमीटरसाठी मी तरी हे करणार नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात पाऊस लागला, आणि अख्ख्या प्रवासात माझ्या पोटात गोळा आला तो इथेच, चिखलात नाही. उताराचं वळण, रस्ता ओला, वर तेलाचा तवंग. एमटीवाला माझ्या पुढे. त्याने ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग सावकाश, अगदी आरामात, दरीकडे सरकायला लागलं. मग एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेने, सावरलं. पुढे थांबलो तेव्हा तो म्हणाला, “पायाखाली नुसतं टकटकटक होत होतं रे, पण गाडी थांबेचना.” टायर नवेच होते, नक्षी चांगली 14 मिलिमीटर खोल. पण ओल्या डांबरावर खोल नक्षीपेक्षा किती रबर टेकलंय आणि त्या रबरावर बारीक चिरा किती आहेत याला जास्त महत्त्व. त्या चिरांच्या कडा पाण्याचा पातळ थर फोडून डांबराला धरतात. एमटीत ठोकळे कमी, चिरा त्याहून कमी. ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते त्यांनी टायर बघायला गेल्यावर आधी ठोकळ्यांवर नख फिरवून या चिरा बघाव्यात, त्या किती खोल गेल्यात तेही. काही एटींमध्ये त्या वरवरच्याच असतात. टायर निम्मा झिजला की नाहीशा होतात.

घाट उतरलो आणि कच्चा रस्ता सुरू झाला. काळी चिकट माती, रात्रभर भिजलेली. एचटीवाला शंभर मीटरमध्ये रुतला. त्याच्या टायरच्या बारीक खाचा चिखलाने लिंपून चाकं पुरणपोळीच्या लाटण्यासारखी गुळगुळीत झाली होती. दोर लावून काढला, पुन्हा रुतला. एमटीवाला मात्र इथे राजा. चाक थोडं जोरात फिरवलं की खाचांतला चिखल भिरकावला जातो आणि स्वच्छ कडा परत मातीत रुततात. माझा एटीही भरत होता, पण निम्माअर्धा. हळूहळू का होईना, पुढे जात होतो.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: हवा उतरवली. एचटीच्या पुढच्या टायरसमोर बसून मी वितीने मोजलं. 33 पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) जमिनीला टेकलेला भाग जेमतेम एक वीत. व्हॉल्व्हची पिन काढली, सुस्कारा टाकत हवा गेली, 18 वर आणून पुन्हा मोजलं: वीत आणि चार बोटं. टायर रुंदीला फारसा पसरत नाही, लांबीला पसरतो, आणि पकड मिळते ती तिथून. तोच एचटी, तीच माती, आणि या वेळी गाडी कुरकुरत का होईना, आपल्या पायाने पार झाली. रुतण्याआधी पाच मिनिटं दिली असती तर अर्ध्या तासाची ओढाताण वाचली असती. नवे टायर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगेन, आधी चांगला प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर घ्या, एक खेप मारा, मग ठरवा.

हवा किती उतरवायची? मुरूम-खडीवर मी 25-26 ठेवतो, चिखलात 18-20, वाळूत 15-16. त्याच्या खाली साध्या रिमवर जाऊ नये. हे लिहितोय कारण तिसऱ्या दिवशी एमटीवाल्याने शौर्य म्हणून 12 केली आणि नदीकाठच्या तिरक्या उतारावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी रेटली. ‘फट्ट’ असा आवाज, आणि टायरची कड रिमवरून बाहेर. कडेत वाळू आणि गारगोट्या गेलेल्या, आमच्या कॉम्प्रेसरने ती परत बसेना. स्टेपनी काढली तर ती जुन्या मापाची! चार टायर मोठे घेतले, पाचवा “नंतर घेऊ” म्हणून राहिला होता.

व्यासात साडेतीन टक्क्यांचा फरक म्हणजे दर किलोमीटरला लहान चाक 13-14 फेऱ्या जास्त मारतं. एकाच अ‍ॅक्सलवर असं जोडलं की डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरना) सरळ रस्त्यावरही क्षणभर विसावा नाही, आणि फोर व्हील लावून कठीण जमिनीवर चालवलं तर सगळ्या यंत्रणेला पीळ बसतो. म्हणून पुढचे साठ किलोमीटर त्याने फोर व्हीलला हात न लावता, हळूहळू काढले. टायर घ्याल तर पाच घ्या, आणि आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं अदलाबदल करताना पाचवं चाकही फिरवा, म्हणजे पाचही सारखे झिजतात.

नदीच्या पात्रातच एचटीवाल्याच्या टायरला दगडाची धार लागली. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अंगठ्याएवढा चिरा, आतले धागे दिसत होते. इथे पंक्चरची दोरी भरून चालत नाही. ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. साइडवॉल दर फेरीला वाकते, तिथलं कुठलंही ठिगळ धोक्याचंच. टायर बाद झाला. हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते आणि दगडांच्या तोंडी जाते, हे हवा उतरवण्याचं दुसरं अंग. दगडगोट्यांत म्हणूनच 18 नको, 25 च्या आसपास ठेवा आणि चाक कुठे पडतंय ते उतरून बघा. माझ्या एटीची साइडवॉल जाड होती, खांद्यावर ठोकळे खालपर्यंत उतरलेले. ओरखडे आले, निभावलं. एचटी आणि एटी यांच्यातला फरक मला चिखलापेक्षा इथे जास्त पटला.

वाळूचा टप्पा लहान होता, तिघंही गेले. तिथे नक्षीचं काही चालत नाही, उलट एमटी चाक फिरलं की खड्डा खणतो.

डांबरावर परत आल्यावर हवा भरायला घेतली तर माझ्या कॉम्प्रेसरने लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडवला. मोठा कॉम्प्रेसर तिथे लावायचाच नाही, थेट बॅटरीला चिमटे लावायचे. माहीत होतं, आळस केला. मित्राचा येईपर्यंत 20 पीएसआयवर, चाळीसच्या वेगाने, कडेकडेने गेलो. कमी हवेवर वेगाने पळवलं की साइडवॉल सारखी वाकून तापते आणि टायर फुटतो तो त्यामुळे. आणि हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

खरेदीच्या वेळी मापामागचे आकडेही वाचा. 112 टी म्हणजे एका टायरला 1120 किलो भार आणि ताशी 190 किलोमीटर वेग. गाडीबरोबर आलेल्यापेक्षा भाराचा आकडा खाली जाता कामा नये. मापाआधी एलटी असेल तर बांधणी जड वाहनाची: कापायला कठीण, पण रोजच्या रस्त्यावर दणके देणारी, आणि तेवढाच भार पेलायला तिला हवा थोडी जास्त लागते, त्यामुळे स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघायला विसरू नका. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला, दुकानात कितीही चकचकीत दिसो. बर्फात जाणार असाल तर एम प्लस एस (मड आणि स्नो) एवढ्यावर विसंबू नका, ते नुसत्या नक्षीवरून लिहिता येतं. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तरच तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो.

इंधनाचा हिशेब शेवटी जुळवला, मीटरची चूक सुधारून: एचटी लिटरला 13.1, एटी 12.4, एमटी 10.9. गाडी चालवायची सवय प्रत्येकाची वेगळी, तेव्हा हे आकडे आमच्यापुरतेच धरा.

घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या चार टायरांतले खडे उपसले. बत्तीस निघाले, त्यातला एक टोकदार, रबरात चांगला घुसलेला. चाकं प्रवासात उघडली होती त्या दोघांना शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायला लावले. एकाचे दोन नट पाव फेरी फिरले. एचटीवाल्याने एटी घ्यायचं नक्की केलंय, त्याच मापाचे, पाच. एमटीवाला अजून पाचव्या टायरबद्दल “बघू” म्हणतोय.