तुम्ही विचारलंत म्हणून: हाडावरून शिकार आणि हवामान कसं कळतं?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "प्राण्याचं हाड सापडलं म्हणजे माणसाने शिकार केली, हे कशावरून? आणि त्या तुकड्यावरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कसा काय सांगता?"

नुसत्या एका तुकड्यावरून यातलं काहीच सांगता येत नाही. आधी बघायचं असतं ते हाड तिथे आणलं कोणी. गुहेत तरस हाडं ओढून आणतं, साळिंदर कुरतडायला गोळा करतं, नदी पुरात वाहून आणून टाकते. माणसाचं नाव यादीत सगळ्यात शेवटी घ्यायचं, तेही खूण दिसली तरच.

ती खूण कशी दिसते? हरणाच्या मांडीच्या हाडाचा बोटभर तुकडा घ्या. माती मऊ ब्रशने काढायची, खरवडायची नाही. दिवा वरून नको, बाजूने तिरका धरायचा, म्हणजे बारीक चरासुद्धा सावली टाकते. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग. दगडी पात्याने कापल्याची चर इंग्रजी 'व्ही'सारखी निमुळती असते आणि तिच्या तळाशी चरेच्याच दिशेने केसासारख्या बारीक रेघा धावतात, कारण दगडाची धार कधीच गुळगुळीत नसते. दाताची चर पसरट, 'यू'सारखी. शेजारी सुळ्यांचे खळगेही असतात. साळिंदराच्या पटाशीच्या दातांचे रुंद पट्टे एकाला एक लागून येतात. झाडाची मुळं हाडावर नागमोडी खुणा कोरतात. खोदताना लागलेला ओरखडा आतून फिकट, ताजा दिसतो, म्हणून तो लगेच ओळखता येतो.

सगळ्यात फसवी खूण तुडवण्याची. वाळूत पडलेल्या हाडावर जनावरांचे खूर पडले की टोकदार खडे त्यावर घासतात आणि चरा थेट पात्याच्या वाटतात. फरक इतकाच, की त्या उथळ असतात, वाटेल त्या दिशेने जातात आणि हाडाचा उंचवटा जिथे असेल तिथे उमटतात. इथिओपियात डिकिका इथल्या सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या दोन हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, असं २०१० मध्ये मांडलं गेलं आणि त्याच वर्षी 'ह्या तुडवल्याच्या खुणा' असा आक्षेपही आला. म्हणून चर हाडावर नेमकी कुठे आहे, हे तिच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. खुराच्या वर गोल फिरलेली चर म्हणजे कातडं सोलणं, सांध्यापाशी आडवी चर म्हणजे अवयव सुटे करणं, मांडीच्या किंवा दंडाच्या हाडाच्या मधोमध चरा म्हणजे मांस काढणं.

या मधल्या चरा माझ्या मते सगळ्यात बोलक्या. सिंह किंवा तरस आधी पोचले तर मांडीचं मांस पहिल्यांदा संपतं. नंतर आलेल्या माणसाला तिथे कापण्यासारखं काही उरत नाही. तिथेच पात्याच्या खुणा भरपूर असतील, तर माणूस लवकर पोचला होता. पण शिकार त्याने स्वतः केली, की दुसऱ्याची हुसकावून घेतली? इथे दात मदतीला येतात. दुधाचे दात, नुकत्या फुटलेल्या दाढा, पार झिजलेल्या दाढा असं वय लावून मोजायचं. पाठलाग करणाऱ्या लांडग्यांना जास्त करून पिल्लं आणि म्हातारी जनावरं सापडतात. ढिगात भर वयातली धडधाकट जनावरंच जास्त दिसली, तर निवडून मारणारा हात माणसाचा असण्याची शक्यता वाढते. जर्मनीत श्योनिंगेन इथे लाकडी भाले आणि कापल्याच्या खुणा असलेली घोड्यांची हाडं एकत्र मिळाली; हत्यार आणि सावज असे शेजारी मिळणं फार क्वचित घडतं.

मोजणीत घाई केली की घोटाळा होतो. शंभर तुकडे म्हणजे शंभर प्राणी नव्हेत. घोट्यातलं एकच ठरावीक हाड डाव्या बाजूचं ७ आणि उजव्या बाजूचं ५ वेळा मिळालं, तर किमान ७ प्राणी, एवढंच म्हणायचं. शिवाय माती एक-दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्याने धुतली नाही, तर मासे, पक्षी, उंदीर हातातून निसटतात आणि ते लोक फक्त मोठी जनावरंच मारत होते असं खोटंच चित्र उभं राहतं.

उंदरांवर मी मुद्दाम भर देतो, कारण हवामानाचे खरे साक्षीदार तेच. माणसाच्या ढिगात येतं ते माणसाने निवडलेलं असतं. काळविटासारखी माळावरची जनावरं वाढली, तर हवा कोरडी झाली असेल, किंवा शिकारीची पद्धत बदलली असेल. उंदीर मात्र घुबडाने गिळून हाडांच्या गोळ्यांतून बाहेर टाकलेले असतात. घुबडालाही आवडनिवड असते, पण शिकार ते आसपासच्याच मुलखातून आणतं. लेमिंगच्या (थंड प्रदेशातल्या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या) दाढा मिळाल्या की थंड, उघडा प्रदेश समजावा. मोठं जनावर हवामान सांगतं ते ढीग माणसाचा नसतो तेव्हा. लंडनच्या ट्रफाल्गर चौकाखाली नदीच्या गाळात सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचे पाणघोडे सापडले. तिथे कोणाची निवड नव्हती, हवाच उबदार होती.

पावसाचं उत्तर दाढेच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणात आहे. हाडात जमिनीतलं पाणी शिरून क्षार बदलतात, इनॅमल घट्ट असल्याने टिकतं. मेंढीची दाढ महिनोन्‌महिने वाढते, म्हणून माथ्यापासून मुळाकडे दर दीड-दोन मिलिमीटरवर काही मिलिग्रॅम भुकटी काढायची आणि प्यायलेल्या पाण्यातल्या जड व हलक्या ऑक्सिजनचं (एकाच ऑक्सिजनच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजायचं. वर्षभराचे ऋतू रांगेने उभे राहतात. मात्र वाचन प्रदेशानुसार उलटतं: थंड देशात जड ऑक्सिजन कमी म्हणजे कडाका, मोसमी पावसाच्या देशात बहुधा मुसळधार पाऊस. कार्बनवरून उष्ण प्रदेशातलं गवत खाल्लं की झाडपाला, तेही कळतं.

ऋतूबाबत एक चूक सांगतोच. इंग्लंडमधल्या स्टार कार इथे १९४९ ते १९५१ दरम्यान उत्खनन झालं. हरणांच्या शिंगांवरून ती वस्ती हिवाळ्यातली ठरवली गेली. पण शिंगं गळून पडतात, उचलून जपूनही ठेवता येतात. त्यांवरून शिकारीचा महिना निघत नाही. पुढे जबड्यांतले दात पुन्हा तपासले तेव्हा बरीचशी शिकार उन्हाळ्याकडे सरकली. तीच जागा नंतर निचरा केल्यामुळे कोरडी पडत गेली, मातीतल्या गंधकाचं आम्ल झालं आणि आत उरलेली हाडं दाबली तर दबतील अशी मऊ पडू लागली. अशा हाडावर कोणत्या पात्याची चर होती, हे आता कुठलंही भिंग दाखवू शकत नाही.