हर्णैची डायपोल: पावसाळ्याआधीची नोंद

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा दापोली-मंडणगड भागातील वीज आणि मोबाइल एकदमच बंद पडले. माझ्याकडे हौशी (हॅम) रेडिओचा परवाना होता, पाच वॅटचा हातातला वायरलेस सेट होता, आणि तरीही घाटापलीकडे तर सोडाच, खेडपर्यंतदेखील माझा आवाज पोहोचला नाही. हा सेट ज्यावर चालतो त्या दोन मीटर बँडच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात, आणि हर्णैच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे पाहिले की दापोलीचे पठार आडवे उभे राहते. संदेश उंचावरून पुढे पाठवणारा रिपीटर असता तरी त्यालाही वीज लागतेच.

म्हणून यंदा ४० मीटर बँडची (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध जोड असलेली तारेची अँटेना, मुद्दाम खाली, जमिनीपासून जेमतेम पाच मीटरवर टांगली आहे. उंच अँटेना दूरच्या देशांसाठी उत्तम. परंतु हर्णैहून चिपळूण हवाई अंतराने पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि तेथे पोहोचण्यासाठी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली उतरावी लागते. मध्ये कितीही डोंगर असले तरी तिला त्यांचे काही देणेघेणे नसते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सूत्राने लांबी २०.१४ मीटर निघते. तार वेष्टनाची आणि जमिनीजवळ असल्याने छाटत छाटत १९.७० मीटरवर आलो, तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचे माप; १ म्हणजे उत्तम) १.४ मिळाला.

पहिली तार मे महिन्यातल्या वाऱ्यात तुटली. एक टोक सुपारीला आणि दुसरे माडाला घट्ट बांधले होते, आणि माड किती झुलतो याचा अंदाज वाडीत जन्म काढूनही मला आला नव्हता. आता माडाकडील दोरी जुन्या विहिरीच्या कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला जांभ्याचा तुकडा लटकवला आहे. झाड हलले की दगड वरखाली होतो, तारेला ताण बसत नाही. अँटेनापासून सेटपर्यंत येणाऱ्या कोॲक्स केबलचा जुना कनेक्टर उघडला तेव्हा आत हिरवट पूड साचलेली दिसली. खाऱ्या हवेत एका वर्षात एवढे होते. नवीन जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली आहे.

बॅटरी ४० अँपिअर-अवरची आहे. सेट ऐकताना सुमारे एक अँपिअर घेतो आणि पूर्ण शंभर वॅटवर वीसच्या आसपास, त्यामुळे मी पंचवीस वॅटवरच थांबतो. तासाला दहा मिनिटे बोलणे धरून चाचणी घेतली, तेव्हा बॅटरी निम्मी होईपर्यंत साडेसात तास गेले.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. वीज असताना शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांच्या गोंगाटाने सेटवरचा सिग्नल-मीटर एस-७ वर असतो (आकडा जितका मोठा, तितका गोंगाट जास्त). मंगळवारी वीज गेली आणि तो एस-२ वर उतरला. म्हणजे विजेच्या दिवशी घेतलेली चाचणी आपल्याला उगाच निराश करते.

चिपळूणच्या मित्राशी संदेशांचा सराव सुरू आहे. 'केळशी' आणि 'कोळथरे' ही गावांची नावे खरखरीत हमखास एकमेकांत मिसळतात, त्यामुळे गावाचे नाव आता आम्ही इंग्रजी अक्षरे फोडून दोनदा सांगतो आणि समोरच्याकडून परत वदवून घेतो.

रात्री ७ मेगाहर्ट्झ जवळच्या अंतरासाठी बहुधा निरुपयोगी ठरतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झ लागेल. त्याची चाळीस मीटर तार वाडीत सरळ मावत नाही, म्हणून दोन्ही टोके कुंपणालगत काटकोनात वळवून पाहणार आहे.