तानपुरा कुठे ठेवायचा?

गेल्या महिन्यात एका मित्राच्या स्टुडिओत यमनमधील एका ख्यालाचे डॉल्बी अ‍ॅटमॉस मिश्रण, म्हणजे श्रोत्याच्या चहूबाजूंनी आणि वरूनही ध्वनी मांडणाऱ्या तंत्रातले, ऐकण्याचा योग आला. कानाच्या उंचीवर सात स्पीकर, छताला चार आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर, अशी ७.१.४ मांडणी असलेली ती खोली घरातल्या बेडरूमपेक्षा फारशी मोठी नव्हती. एसी बंद करून आणि खुर्ची बरोबर मध्यावर सरकवून त्याने मला बसवले. आधी पाठीमागून दोन तानपुरे सुरू झाले, डावीकडच्याची जव्हारी (तारेची झणझण) किंचित अधिक खुली, उजवीकडची थोडी बंद. त्या दोहोंच्या पुढे बसून समोरून येणारा षड्ज ऐकताना पहिली दोन मिनिटे मी काहीच बोललो नाही. औचार, म्हणजे सुरुवातीची छोटी आलापी, संपून तबला लागला तो उजव्या हाताला, हार्मोनियम डाव्या हाताला, आणि मग मला कळेना की हे गाणे मी नक्की कुणाच्या कानांनी ऐकतो आहे.

बैठकीत तानपुरे गायिकेच्या मागे असतात, तबला बहुधा तिच्या उजवीकडे आणि हार्मोनियम डावीकडे. म्हणजे मित्राने मला थेट तिच्या आसनावर नेऊन बसवले होते, फक्त तिचा आवाज तेवढा माझ्यासमोरून येत होता. बिचारी स्वतःच्याच समोर बसून गात होती. मी हे बोलून दाखवल्यावर तो हसला, पण लगेच गंभीर झाला, कारण श्रोत्याला नेमके कुठे बसवायचे, हीच या तंत्रातली खरी अडचण आहे.

स्टिरिओने हा प्रश्न कधी पडू दिला नाही. अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली ज्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्यात ध्वनी समोरच्या दोन स्पीकरांच्या मधल्या पट्ट्यात मांडला जातो, त्यामुळे श्रोता आपोआप श्रोत्याच्याच जागी राहतो. सत्तरच्या दशकात चार स्पीकरांचे क्वाड्रोफोनिक ध्वनिमुद्रण आले, पण एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात ग्राहक कंटाळला आणि ते मागे पडले. २०१२ मध्ये चित्रपटगृहांसाठी आलेल्या आणि २०१९ पासून संगीतसेवांवर मिळू लागलेल्या अ‍ॅटमॉसची चाल वेगळी आहे. त्यात एकूण १२८ ध्वनिपट्ट्या वापरता येतात. त्यांतल्या काही ठरावीक स्पीकरांसाठी असतात, तर उरलेल्या ‘ऑब्जेक्ट’ म्हणून, आपण अवकाशात कुठे आहोत याची माहिती सोबत घेऊनच जातात. मग ऐकणाऱ्याच्या घरी बारा स्पीकर असोत की पाच, तो बिंदू कोणत्या स्पीकरांतून किती वाजवायचा याचा हिशेब तिथले यंत्र करते. पडद्यावर तानपुरा म्हणजे एक छोटा गोळा; तो माऊसने धरायचा आणि खोलीत हवा तिथे नेऊन ठेवायचा. मोह पडतो तो इथेच.

त्यानंतर मित्राने तेच मिश्रण मला हेडफोनवर ऐकवले, कारण बहुतेक लोक ते तसेच ऐकणार आहेत. पाठीमागचे तानपुरे तिथे पाठीमागे राहिलेच नाहीत. एक डोक्याच्या आत शिरला आणि दुसरा कपाळाशी येऊन थांबला. याचे कारण आपल्या कानांत आहे. डावे-उजवे ओळखायला दोन कानांपर्यंत ध्वनी पोचण्यातला वेळेचा फरक, जो फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, आणि आवाजाच्या जोरातला फरक पुरतो. पुढे-मागे आणि वर-खाली मात्र कानाच्या पाळीवरच्या घड्यांवरून ओळखावे लागते, कारण त्या घड्या दिशेनुसार उंच कंपनांत बारीक चढउतार करतात. डोळे मिटून कुणाला तरी डोक्याभोवती किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा, आणि मग कानाच्या घड्या बोटांनी दाबून तेच पुन्हा करा. वरचा आवाज कुठून येतो ते सांगताना गडबड होते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कानाच्या खळग्यांत साचे बसवून लोकांना काही आठवडे तसेच वावरायला लावले होते. सुरुवातीला त्यांना उंचीचा अंदाजच येईना, पण हळूहळू मेंदू नव्या कानांना सरावला. आणि साचे काढल्यावर जुनी ओळख जशीच्या तशी शाबूत निघाली. हेडफोनवरचे अ‍ॅटमॉस म्हणजे असाच एक परका कान आहे, गणिताने बनवलेला सरासरी कान, आणि त्याला सरावायला आपण एका गाण्यापलीकडे वेळ देत नाही. शिवाय खोलीत आपण नकळत मान वळवून खात्री करून घेतो. डोक्याचा माग ठेवणारे हेडफोन नसतील, तर मानेबरोबर सगळी बैठकच वळते. भरीस भर म्हणजे अ‍ॅपलची संगीतसेवा हेडफोनसाठी स्वतःची आकडेमोड वापरते. हेडफोनसाठी एखादे वाद्य जवळ की दूर हे मिश्रणकाराने डॉल्बीच्या साधनात ठरवलेले असते, ते तिथे लागू होत नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. अ‍ॅटमॉस संगीताची सरासरी पातळी उणे १८ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) वर जाऊ द्यायची नसते आणि आजची स्टिरिओ गाणी त्याहून बरीच मोठ्या आवाजाची असतात. त्यामुळे दोन्ही लागोपाठ ऐकणाऱ्याला अ‍ॅटमॉस मिळमिळीत वाटते. तुलना करायचीच असेल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, एवढेच.

मला स्वतःला या तंत्रातली वाद्यांची फिरवाफिरव मुळीच नको आहे. त्याने जे खरोखर दिले आहे ते म्हणजे जागा. स्टिरिओत गायकाचा आवाज आणि सभागृहातला त्याचा घुमारा एकाच दिशेने येतात, त्यामुळे घुमारा थोडा वाढवला की शब्द गढूळ होतात. तोच घुमारा बाजूच्या आणि वरच्या स्पीकरांतून आला, तर समोर गळ्यातली हरकत स्वच्छ राहते आणि भोवती दालनही उभे राहते. प्रत्यक्ष बैठकीत तरी भिंतींवरून परतणारा ध्वनी आपल्याला बाजूंनीच वेढतो.

मित्राने त्या दिवशी तानपुरे ओढून पुढच्या दोन्ही बाजूंना, साधारण ६० अंशांवर आणले, तबला डावीकडे नेला, हार्मोनियम उजवीकडे, आणि मागच्या नि छताच्या स्पीकरांना फक्त दालनाचा घुमारा ठेवला. हेडफोनवरही हे मिश्रण बऱ्यापैकी टिकले, कारण डाव्या-उजव्याला परका कानही चुकत नाही. खोलीत मात्र मागचे स्पीकर इतके हळू होते की ते चालू आहेत ना हे पाहायला मला उठून त्यांना कान लावावा लागला. मी पुन्हा खुर्चीवर बसल्यावर त्याने ते बंद करून दाखवले, तेव्हा पाठीमागची भिंत एकदम जवळ आली.