नावातली गाय

अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र चालू होतं. नऊ महिन्यांच्या एका मुलीसाठी सिस्टर गोवर-रुबेलाचा डोस भरत होत्या, तेवढ्यात तिच्या वडिलांनी हात आडवा घातला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेला मजकूर होता : व्हॅक्सीन शब्द 'व्हाक्का' म्हणजे गाईवरून आला, म्हणजे डॉक्टर लेकरांत गाईचा रोग सोडतात.

पंचाईत अशी, की मजकूर अर्धा खरा होता. लॅटिनमध्ये व्हाक्का म्हणजे गायच. एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये इंग्लंडात, दूध काढणाऱ्या मुलीच्या हातावरच्या फोडातला द्रव एका आठ वर्षांच्या मुलाला टोचला. तो फोड गाईपासून आलेल्या देवीचा. 1798 च्या पुस्तकात त्याने या रोगाला लॅटिन नाव दिलं, 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', गाईच्या देवी. पुढे 1881 मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ तोच शब्द सगळ्या लसींना लावायचं सुचवलं. नावात गाय राहिली ती अशी. गोवरच्या लसीत असतो तो गोवरचाच, दुबळा केलेला विषाणू.

आपला 'लस' शब्द मला जास्त नेमका वाटतो. जखमेतून झिरपते ती लस. मुंबईत 1802 साली अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या, तेव्हा तिच्या दंडावरच्या फोडातली लसच पुढच्या मुलांना दिली गेली.

पण हे व्याख्यान तिथे कुठे देणार? लसीत डायल्युअंट, म्हणजे ती विरघळवायचं द्रावण, मिसळलं की व्हायल, म्हणजे कुपी, चार तासांत संपवावी लागते, आणि बाहेर रांग. गृहस्थांचा दुधाचा धंदा. विचारलं, "दादा, 2022 ला लम्पी आला तेव्हा गुरांना काय टोचलं?"

"गोट पॉक्स."

"म्हणजे?"

"शेळीच्या देवीची..." ते मध्येच थांबले.

"मग गाईंना शेळीचा रोग झाला?"

"छे! उलट वाचल्या."

"दोन्ही विषाणू भाऊबंद. एकाला ओळखलं की शरीर दुसऱ्यालाही अडवतं. जेन्नरने हेच केलं, गाईच्या देवी टोचून माणसाच्या देवी अडवल्या. तुमच्या मुलीला तर तेही नाही, थेट गोवरचीच लस आहे."

बायकोने तोवर मुलीची उजवी बाही वर केलीच होती.

"ताप येईल?" त्यांनी विचारलं.

"या डोसचा लगेच नाही येत. आठवडाभराने येऊ शकतो, अंगावर थोडं पुरळही उठेल. तेव्हा आशाताईंना फोन करा."

"आणि हा मेसेज पाठवणाऱ्याला?"

"त्याला गोट पॉक्सचं विचारा."