आमच्या पोट्ट्याचा कोच निघाला

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी सराव संपल्यावर मुलाच्या आइस हॉकी कोचनं आम्हा सगळ्या आईबापांना रिंकच्या दारात थांबवलं. पुढच्या मोसमापासून तो एका लहान गावातल्या ज्युनियर संघात असिस्टंट कोच म्हणून चाललाय. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो त्यापेक्षा तिथला पगार कमी आहे, हेही त्यानंच सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मग घर कसं चालवशील?" असं कुणीच विचारलं नाही. बाहेर उणे 18 होतं. गाडी गरम होईपर्यंत मी नुसता बसून राहिलो, आणि डोळ्यांसमोर माझा दादा आला.

दादा नागपुरात पोट्ट्यांना क्रिकेट शिकवतो. वीस वर्षं झाली. घरी पाहुणे आले की बाबा माझं काम सविस्तर सांगायचे आणि दादाचं नाव निघालं की म्हणायचे, "तो असतो ग्राउंडवर." मीही तिथेच बसलेलो असायचो आणि काही बोलायचो नाही.

या कोचला मी तीन वर्षं जवळून पाहिलंय. आम्ही कॅनडात विनिपेगला आलो तेव्हा मुलाला बर्फावर उभंही राहता येत नव्हतं, आणि मला स्केट्सची लेस बांधता येत नव्हती. त्यानं खाली बसून खालच्या भोकापासून एकेक लेस ओढत दाखवली: घोट्याजवळ घट्ट, बोटांपाशी जरा सैल. बर्फावर बोलताना तो एक गुडघा टेकतो, म्हणजे त्याचे डोळे पोरांच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. लहान पांढऱ्या फळ्यावर दोन रेघा काढतो, चार वाक्यं बोलतो, की पोरं सुटली. थंडीत मार्कर उठत नाही म्हणून तो काखेत धरून ठेवतो. हे तो फुकट करत होता. इथं लहान मुलांचे बहुतेक कोच असेच असतात, पण फुकट असलं तरी हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेचं प्रशिक्षण आणि पोलीस तपासणी झाल्याशिवाय बेंचमागे उभं राहता येत नाही. मला आवडलं ते हे, की त्याच्यापुढे पायऱ्या आहेत: वरचे अभ्यासक्रम, ज्युनियर, मग अमेरिकन हॉकी लीग, आणि नशीब असेल तर सगळ्यात वरची एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग.

एनएचएलमधल्या टॅम्पा बे लाइटनिंग संघाचा कोच जॉन कूपर मिशिगनमध्ये लान्सिंगला वकिली करायचा. एका न्यायाधीशानं सुचवलं म्हणून शाळेचा संघ शिकवायला लागला, आणि पुढे कोर्टच सोडलं. ज्युनियर संघांत वर्षं काढली, अमेरिकन हॉकी लीगमधल्या नॉरफोकच्या संघाला 2012 मध्ये सलग 28 सामने जिंकून दिले, 2013 मध्ये एनएचएलमध्ये पोचला, 2020 आणि 2021 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. आपल्या नागपुरात हायकोर्टाचं खंडपीठ आहे. काळा कोट उतरवून शाळेच्या पोट्ट्यांमागे निघालेल्या माणसाचं घरी काय झालं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

अर्थात इथंही सगळं गोड नाही. क्रेग बेरूबेनं 2019 मध्ये तळाला गेलेल्या सेंट लुईसच्या संघाला तोच कप जिंकून दिला आणि डिसेंबर 2023 मध्ये त्याला काढलं. आमच्या विनिपेगच्या संघाचा कोच झालेला स्कॉट आर्नियल कोलंबसच्या संघातून 2012 मध्ये हाकलला गेला. एनएचएलमध्ये पुन्हा हेड कोच व्हायला त्याला 2024 उजाडलं. मधली बारा वर्षं बहुतेक दुसऱ्यांच्या हाताखाली. आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकाला निदान पहिल्या तारखेची खात्री तरी असते.

आणि कोच काय करू शकतो हे आपल्याला कॅनडानं शिकवायला नको. चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि विदर्भानं 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. जामठ्याच्या स्टेडियमला गर्दी करणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत आहे. पण त्या खेळाडूंच्या हातात पहिल्यांदा बॅट देणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. तो पहाटे पाण्याची कॅन घेऊन सायकलवर येतो. इथं एका पोराच्या हॉकीला महिन्याला जेवढं लागतं, त्यात दादाची अर्धी बॅच वर्षभर खेळते. हे मी इथल्या लोकांना अभिमानानं सांगतो.

मी नागपूर सोडलं यात मला आजही चूक वाटत नाही. बाबांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं, घराचा हप्ता, हे कुणीतरी उचलायला हवं होतंच. दादा ग्राउंडवर राहू शकला तो त्यामुळे, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. ते खोटं नाही. पण त्यानं माझ्याकडे कधी पैसे मागितले नाहीत, हेही तेवढंच खरं.

त्या रविवारी संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडे सोमवारचे साडेसहा वाजले होते.

"अबे, एवढ्या सकाळी? सगळे बरे आहेत ना?"

मी कोचचं सांगितलं. तो गुडघा टेकून बोलतो, हेही सांगितलं.

"मीही बसूनच बोलतो," दादा म्हणाला. "उभं राहून बोललं की लहान पोट्टे घाबरतात. किती मिनिटं सराव घेतो तो?"

"पन्नास."

"आणि मधी पाणी?"

मला माहीत नव्हतं. मागून चेंडूचा आवाज येत होता, कुणीतरी "सर, सर" म्हणत होतं.

"विचारून सांग बरं," तो म्हणाला. "ठेवतो आता, पोट्टे वॉर्म-अप करून राहिले."