तिकडे गेल्यावर बायका मोकळ्या होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बरीच वर्षे अमेरिकेत राहत असल्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझ्या मते त्या देशाच्या मोकळ्या वातावरणाविषयी बोलण्याआधी व्हिसा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

अमेरिकेच्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर केरळमधल्या परिचारिका इथे मोठ्या संख्येने आल्या. आधी त्या आल्या, नोकरीत स्थिरावल्या आणि मग त्यांनी नवऱ्यांना बोलावून घेतले. त्या रात्रपाळीला गेल्या की मुलांना जेवू घालून निजवणे ओघानेच नवऱ्याकडे आले. घरात आणि नोकरीत कमी झालेला मान यांतल्या अनेक पुरुषांनी चर्चच्या कारभारात शोधला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

संगणक क्षेत्रातल्या नवऱ्यांबरोबर आलेल्या आपल्याकडच्या बायकांचे नेमके उलटे झाले. एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या एच-1बी व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला मे 2015 पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती आणि त्यानंतरही ती मिळते ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तरच. भारतात स्वतःची टीम सांभाळणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्या सक्तीच्या रिकामपणात मुलांची शाळा, डॉक्टर, विमा, कर यांची कागदपत्रे इतकी चोख लावली, की पुढे परवानगी मिळून तिला नोकरी लागली तरी ती फाइल तिच्याकडेच राहिली. मूल आजारी पडले की शाळेचा फोन आजही आधी तिलाच येतो, मग ती मीटिंगमध्ये का असेना. नोकरीची भर पडली, घरचे काम मात्र तसूभरही हलले नाही.

शिवाय अशा नोकऱ्या पुष्कळदा आज्यांच्या जिवावर टिकतात. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात, म्हणून आधी आई आणि ती परतली की सासूबाई, अशी पाळीच कित्येक घरांत लावलेली असते. गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कोणी नाही, अशा घरात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या या बायका दिवसभर बाळ सांभाळतात, आणि स्थलांतराच्या चर्चेत त्यांचे नावही निघत नाही. इथे मुलगा किंवा जावई भांडी घासतो याचे त्यांना मनापासून कौतुक वाटते. पण बाळ सांभाळायला या खेपेस आजोबांनी एकट्याने यावे, असे सुचवलेले मी अजून तरी कोणत्याही घरात ऐकलेले नाही.